डिलीट करूनही टॅबलेटमध्ये जागा का होत नाही?

ढीगभर व्हिडिओ उडवले तरी ‘स्टोरेज फुल’ हटत नाही, कारण डिलीट केलेल्या फायली बहुतेक वेळा ३० दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे डिलीट केलेल्या फायलींच्या डब्यात, पडून असतात आणि तेवढीच जागा अडवतात. आधी तो रिकामा करा. मग सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन सगळ्यात जड ॲप शोधा. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ बिनधास्त दाबा; कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फायली. शेजारच्या ‘क्लिअर डेटा’ला मात्र हात लावू नका, लॉगिनपासून ऑफलाइन उतरवलेल्या सिनेमांपर्यंत सगळं जातं. कॅशे चार दिवसांत पुन्हा भरतोच, त्यामुळे खरी जागा मिळते ती बघून झालेले ऑफलाइन व्हिडिओ काढल्यावर. आणि हो, टॅबलेट ६४ जीबीचा असला तरी त्यातला काही हिस्सा सिस्टिमचाच असतो, तो साफ होत नाही. ५-६ जीबी कायम मोकळे ठेवा, नाहीतर अपडेट अडकतं.