रंग भरण्याआधी पात्र काळं करून पाहा
पात्राचं स्केच जमलं की त्याची एक प्रत काढा, ती पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि नखाएवढी लहान करा. चेहरा, कपड्यांची नक्षी सगळं गेल्यावरही पात्र ओळखू येतं का? येत नसेल तर तपशील वाढवून उपयोग नाही, बाह्याकारच बदला. खांदे रुंद करा, केस एका बाजूला झुकवा, हात अंगापासून सुटे काढा. १९२८ साली पडद्यावर आलेल्या मिकी माउसचं डोकं कुठेही वळलं तरी कान गोलच दिसतात. शरीररचनेच्या हिशेबाने हे साफ चूक, पण ओळख पक्की! पात्रं अनेक असतील तर त्यांच्या काळ्या आकृत्या एका ओळीत लावा. दोघांची गल्लत झाली, तर एकाची उंची किंवा अंगकाठी बदला.