आतड्याच्या ऑपरेशनआधी उपाशी किती राहायचं आणि प्यायचं काय

नाशिकला आतड्याच्या ऑपरेशनला पेशंट घेऊन येणार असाल ना, तर फिटनेसच्या तपासणीला जाल तेव्हाच भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, जेवण कधी बंद, पाणी कधी बंद, कार्बचं (कार्बोहायड्रेटचं) ड्रिंक द्यायचं का, आणि उत्तर फाईलवर लिहूनच घ्या. कारण बऱ्याच ठिकाणी अजून "रात्री 12 नंतर पाण्याचा थेंब नाही" असंच सांगतात आणि नंबर दुपारी लागला की माणूस पार सुकून जातो, त्यात पोट साफ करायचं औषध दिलेलं असेल तर बघायलाच नको.

आता साधारण नियम असा आहे की हलकं खाणं 6 तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट 8 तास, आणि पाणी, कोरा चहा असं आरपार दिसणारं पेय 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा यात येत नाही हं, तो खाण्यातच धरा, आणि निफाडहून कुणी द्राक्षांचा गराचा रस आणला तर तोही बाजूला ठेवा. पोट साफ करायचं असेल तर जेवण आदल्या दिवशीच थांबवतात, ते डॉक्टर सांगतील तसं.

कार्बचं ड्रिंक म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिनचं (स्टार्चपासून केलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या पावडरचं) पाणी, आदल्या संध्याकाळी 800 मिली (100 ग्रॅम कार्ब) आणि ऑपरेशनच्या 2-3 तास आधी 400 मिली, असं बहुतेक अभ्यासांत दिलंय. घरची ग्लुकोज पावडर कालवून तेच होईल असं समजू नका. याने तहान-भूक कमी लागते, ऑपरेशननंतर इन्सुलिनला शरीर जरा बरा प्रतिसाद देतं. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात बरेच अभ्यास एकत्र तपासतात) उपाशी ठेवलेल्यांपेक्षा हॉस्पिटलमधला मुक्काम थोडा कमी दिसला, पण नुसतं चवीचं पाणी दिलेल्यांशी तुलना केली तर तो फरक राहिला नाही, आणि कॉम्प्लिकेशन काही कमी झाले नाहीत. म्हणून मला विचाराल तर ड्रिंक मिळालं नाही तरी घाबरू नका, पण पाणी उगाच तोडू नका.

शुगर असेल, आतड्यात अडथळा असेल, उलट्या होत असतील किंवा वजनाचं-शुगरचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर हे आधी सांगाच, कारण पोट हळू रिकामं होतं आणि भुलेत पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं, तिथे 2 तासांचा हिशोब चालत नाही. एकादशी-चतुर्थी आली तर पेशंटचा उपवास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरा. आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला ते लिहून ठेवा, ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना विचारतातच.