पहिला पाळीव सरडा: कोकणात राहून कोणता घ्यावा आणि खर्च कसा बसवावा

कोकणात पाल विकत आणावी लागत नाही. ती ट्यूबलाइटच्या मागे फुकटात राहते आणि आपण काही बोललो की वरून चुकचुकते. तरीही घरात काचेच्या पेटीत एखादा परदेशी सरडा असावा असं वाटणारे बरेच आहेत, आणि त्यांचा हिशेब बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतो: आधी पिल्लू, मग बाकीचं. पिल्लाची किंमत हा खर्चातला छोटा भाग. आपल्याकडे खरा खर्च दमट हवेशी झुंजण्याचा आणि विजेचा असतो. म्हणून प्राणी सगळ्यात शेवटी घ्यायचा.

आधी कायदा

रानातलं काहीही उचलून आणायचं नाही. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. पकडली, पाळली किंवा मारली तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. करवंदीच्या जाळीत दिसणारा, रंग बदलणारा शॅमेलिऑनसुद्धा संरक्षित आहे. ‘आमच्याच परसातला आहे’ ही सबब चालत नाही.

परदेशी जातींपैकी ज्या ‘साइट्स’ (धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत येतात, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली आले. हिरवा इग्वाना या यादीत आहे. दुकानदाराकडून जातीचं शास्त्रीय नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा, आणि दुकानाची नोंदणी आहे का तेही विचारा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८च्या नियमांनुसार ती लागते. शंका असेल तर पैसे देण्यापूर्वीच वनविभागात विचारून घ्या: रत्नागिरीकरांसाठी चिपळूण, सिंधुदुर्गासाठी सावंतवाडी. बिल द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊच नये.

मग जात

गंमत अशी की आपल्या हवेला सगळ्यात मानवणारा सरडा म्हणजे हिरवा इग्वाना. त्याला ओलसर, उबदार हवाच लागते. पण तळहातावर मावणारं ते पिल्लू शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास जातं आणि नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. त्याला पिंजरा नाही, खोली लागते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्रेस्टेड गेको (गेको म्हणजे पालीच्या कुळातला) दिसायला गोड, पण तो प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. पारा २८ अंशांच्या वर राहिला की त्याला त्रास होतो, म्हणजे आपल्या मे महिन्यात त्याचं काय होईल ते सांगायला नको. लेपर्ड गेको स्वस्तात सांभाळला जातो, निशाचर असल्याने दिव्यांचा थाटही कमी. पण त्याचा अगदी सारखा दिसणारा भाऊबंद पश्चिम भारतातच रानात सापडतो. रानातून धरलेला नाही ना, हे ओळखणं नवख्याला जमत नाही.

राहतो बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, दीड-दोन फुटांचा, स्वभावाने शांत, दिवसा जागा असणारा. साधारण दहा-पंधरा वर्षं जगतो. माझं मत त्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: त्याचा आषाढ तुम्हाला सांभाळता आला पाहिजे.

पेटी, आणि पावसाची परीक्षा

पूर्ण वाढलेल्यासाठी चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी पेटी लागते. साध्या प्लायची करू नका, पहिल्याच पावसाळ्यात फुगते. समोर काच, वर जाळी आणि बाकी पीव्हीसी शीट असं सुताराकडून करून घेतलं तर तयार पेटीपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. खाऱ्या हवेत बिजागऱ्या गंजतात, म्हणून त्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. तळाला वाळू नको, ती पोटात जाऊन अडकू शकते. शहाबादी फरशी उत्तम. नाहीतर जुनं वर्तमानपत्रही चालतं.

पेटीच्या एका टोकाला बल्बखाली ४० अंशांच्या आसपास ऊन हवं, दुसऱ्या टोकाला २५ ते ३० अंश. हवेतली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असावी, आणि आपल्याकडे श्रावणापर्यंत ती ८०च्या खाली सहज येत नाही. बल्बच्या उष्णतेने त्या टोकाची हवा बऱ्यापैकी कोरडी होते. थंड टोकाला आणि रात्री दिवा बंद केल्यावर ओल परत येते. म्हणून जाळी झाकू नका, पाण्याचं मोठं भांडं आत ठेवू नका, आणि खोलीत एसी असेल तर पावसाळ्यात तो ‘ड्राय’वर चालवा. सतत ओलीत राहिलेल्या ड्रॅगनला श्वसनाचे आणि कातडीचे आजार होतात.

पेटी जूनच्या आधी तयार करा आणि रिकामीच पूर्ण आषाढभर चालवा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन छोटे मापक आत ठेवून रोजचे आकडे लिहा. आकडे बसले तर दिवाळीच्या सुमारास पिल्लू आणा. नाही बसले तर पेटी विकता येते. आणलेलं पिल्लू तसं विकून टाकता येत नाही.

महिन्याचा हिशेब

१०० वॅटचा बल्ब रोज १२ तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. शिवाय यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) २४ वॅटची नळी, तिचे साधारण ९. एकूण ४५ युनिट. घराचं बिल १०० युनिटच्या आत असेल तर या ४५नी ते वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकतं, हे घरातल्यांना आधी सांगा. दिलासा एवढाच की किनाऱ्यावर रात्री फारशी थंडी पडत नाही, त्यामुळे रात्रीचा हीटर सहसा लागत नाही. यूव्हीबी नळी चालू दिसली तरी तिचा उपयोग संपत जातो. सहा ते बारा महिन्यांत बदलावीच लागते. ती नसेल तर हाडं मऊ पडून जबडा वाकतो. वादळात वीज दिवसभर जाते, तेव्हा निदान बल्बपुरता इन्व्हर्टर हवा.

खाण्यात आपण नशीबवान. मोठ्या ड्रॅगनचा बहुतेक आहार पाल्याचा: शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं-पानं, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झलेट या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लांना मात्र रोज किडे लागतात, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून. किडे मुंबई-पुण्याहून मागवत बसण्यापेक्षा दुबिया झुरळांचा (सरड्यांच्या खाद्यासाठी पैदास करतात ती जात) डबा घरीच ठेवा, आपल्या उबेत ती चांगली वाढतात. (आईची परवानगी ही वेगळी पायरी.) घरातली झुरळं देऊ नका, त्यांच्या अंगी फवारणीचं औषध असू शकतं. आणि मृगाच्या आधी काजवे घरात शिरतात, त्यातला एकही पेटीत जाऊ देऊ नका: काही जातींच्या काजव्यांतलं विष या सरड्याचा जीव घेतं.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-शेळ्यांसाठी उत्तम, सरड्यासाठी बहुधा मुंबई-पुणे गाठावं लागेल. येण्याजाण्याचे आणि तपासणीचे पैसे बाजूला पडले नसतील तर अजून थांबा.

निवडताना

डोळे उघडे आणि चमकदार, शेपटीचं बूड भरलेलं, गुदद्वार स्वच्छ, हाताळलं की अंग उचलून उभं राहणारं पिल्लू घ्या. मलूल पडलेलं दयेपोटी आणू नका. समोर खाऊन दाखवायला सांगा. घरी आणल्यावर आठवडाभर हातात घेणं टाळा आणि विष्ठेचा नमुना जंतांसाठी तपासून घ्या. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर जास्तच जपा. सांभाळणं झेपेनासं झालं तर ड्रॅगन बागेत किंवा रानात सोडायचा नाही. घेणारं दुसरं घर कोणतं, ते आणण्यापूर्वीच विचारून ठेवा.