जर्मनीला निघालेल्या खान्देशच्या पोरांसाठी: संप, मोर्चे, पूर आणि बर्फ

सुट्टीत अमळनेरला आलो की जर्मनीला निघालेली पोरं-पोरी आईवडिलांना घेऊन भेटायला येतात. कुणी शिरपूरला इंजिनिअरिंग केलेलं, कुणी फैजपूरला, कुणी जळगावच्या विद्यापीठातून एमएस्सी. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं), खोली, पार्टटाइम काम, ज्वारीचं पीठ मिळतं का. सगळे रास्त. पण गाड्या बंद पडल्या, रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक समोरासमोर आले किंवा रात्रीतून पूर आला तर काय करायचं, हे फार कमी जण विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मी स्टुटगार्टला राहतो, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील.

आपल्याकडे धोका कुणीतरी येऊन सांगतं. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठी निरोप फिरतो, शेजारी हाक मारतो, पाणी बघून आलेली पोरं गल्लीत ओरडत फिरतात. जर्मनीत तुमचं दार वाजवायला बहुधा कुणी येणार नाही. शेजारी वाईट असतात असं नाही. इशारा सरकारी मार्गाने प्रत्येकाला पोहोचला असेल, असं तिथे सगळे धरून चालतात. तो तुमच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पहिल्या आठवड्यातच बघून घ्या.

सिमकार्ड सुरू झालं की फोनवर ‘नीना’ घ्या. ते सरकारच्या आपत्ती खात्याचं ॲप आहे, भाषा इंग्रजी ठेवता येते. राहायचं गाव आणि विद्यापीठाचं गाव दोन्ही त्यात नोंदवा. हवामानासाठी जर्मन हवामान खात्याचं ‘वार्नवेटर’ घ्या. रंग चार आहेत: पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. पिवळा वर्षभर येत राहतो, त्याला घाबरू नका. लाल दिसला की बाहेरचं काम पुढे ढकला. जांभळा म्हणजे जिवाशी गाठ, घरातच थांबायचं (घर नदीजवळ असेल तर काय, ते पुढे सांगतो). २०२३ पासून मोबाइल टॉवरवरून थेट इशाराही येतो, त्याला ॲप लागत नाही. फार जुन्या फोनवर मात्र तो उमटत नाही, म्हणून भारतातून जुनाट हँडसेट घेऊन येऊ नका. सायरनचं एवढं लक्षात ठेवा: एक मिनिटभर वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, आत या आणि फोन-रेडिओ बघा. एक मिनिटभर एकसारखा आवाज म्हणजे धोका टळला. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास देशभर याची चाचणी असते. नवीन आलेली पोरं त्या दिवशी हमखास घाबरतात. त्याच दिवशी तुमचा फोन वाजला नाही, तर सेटिंग तपासायला यासारखी संधी नाही.

एवढा घोळ का घालतोय, तर १४ जुलै २०२१ ची रात्र. ऱ्हाइनला मिळणारी आर ही छोटी नदी, द्राक्षाच्या मळ्यांतून वाहणारी, एरवी उथळ. त्या रात्री तिने गावंच्या गावं उचलली. त्या पुरात जर्मनीत १८० पेक्षा जास्त माणसं गेली. अतिवृष्टीचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता, पण नदीकाठ रिकामा करायचा जिल्ह्याचा हुकूम निघाला तो रात्री अकरानंतर. तोवर वरच्या अंगाच्या गावांत पाणी घुसलेलंही होतं. खाली झिन्झिग गावात अपंगांच्या निवासात तळमजल्यावर झोपलेले १२ जण बुडाले. श्रीमंत देश, सगळी यंत्रणा हाताशी, तरी हे झालं. म्हणून माझं सांगणं असं की ‘हलवायचं असेल तर सरकार सांगेलच’ म्हणून बसू नका. जांभळा इशारा आला आणि घर नदीजवळ किंवा उताराच्या तळाशी असेल, तर उजेड असतानाच वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्याकडे जा.

यात आपल्या पोरांना सगळ्यात जास्त लागू पडते ती खोलीची गोष्ट. स्वस्त म्हणून पुष्कळ जण ‘सुटेरां’ म्हणजे अर्धी जमिनीखालची खोली घेतात. खिडकी रस्त्याच्या पातळीला, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. दारातून बाहेर पडायला तीन-चार पायऱ्या चढायच्या. प्लग जमिनीपासून वीतभर वर. मोठा पाऊस कोसळला की पाणी आधी बाथरूमच्या मोरीतून उलटं वर येतं, मग पायऱ्यांवरून उतरतं. दाराबाहेर गुडघाभर पाणी साचलं की ते दार माणसाच्या जोराने उघडत नाही. खोली बघायला जाल तेव्हा खिडकीतून माणूस बाहेर पडू शकतो का ते बघा. गज असतील तर ती खोली सोडा, भाडं कितीही कमी असो. आणि पाऊस चालू असताना तळघरात ठेवलेली सायकल, वॉशिंग मशीनमधले कपडे, भूमिगत पार्किंगमधली गाडी आणायला खाली उतरायचं नाही. आरच्या पुरात तळघरांत माणसं गेली ती अशीच. लॅपटॉप आणि कागदपत्रांची पिशवी वरच्या फळीवर ठेवायची सवय करा, म्हणजे उतरायचा मोहच होणार नाही.

आता संपाचं. भुसावळच्या रेल्वे वस्तीतल्या घरांत १९७४ च्या संपाच्या आठवणी अजून निघतात: धरपकड, नोकऱ्या गेलेल्या. तुमच्या पिढीने २०२१-२२ चा एसटीचा संप बघितला, महिनोन्‌महिने गावं तुटलेली. जर्मनीतला संप तसा नसतो. तो युनियन आणि कंपनीतल्या पगाराच्या बोलणीचा एक ठरलेला टप्पा असतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी जाहीर होतो, सुरू कधी आणि संपणार कधी तेही सांगतात. २७ मार्च २०२३ ला वेर्डी (शहरातल्या बस-ट्राम, विमानतळ अशा सेवांतली) आणि ईव्हीजी (रेल्वेतली) या दोन युनियननी मिळून एका दिवसासाठी रेल्वे, बरेच विमानतळ आणि कित्येक शहरांतल्या बस-ट्राम बंद ठेवल्या. २०२४ च्या जानेवारीत इंजिनचालकांच्या जीडीएलने सलग जवळपास पाच दिवस रेल्वे थांबवली. दोन्ही वेळा रस्त्यावर एक दगड पडला नाही. तेव्हा संपाला घाबरायचं कारण नाही. त्रास होतो तो त्या दिवशी आपण न बघता घराबाहेर पडलो तर: जानेवारीच्या रात्री आडगावच्या स्टेशनवर, वेटिंग रूमला कुलूप, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि पुढची गाडी नाहीच.

कोण संपावर आहे ते नीट वाचा. स्टुटगार्टमध्ये एस-बान (उपनगरी गाडी) रेल्वेची, तर यू-बान (शहरातली ट्राम) आणि बस शहराच्या कंपनीच्या. रेल्वेचा संप असेल तेव्हा यू-बान चालते, वेर्डीचा असेल तेव्हा उलट. हे माहीत असलं की निम्मी धावपळ वाचते. रेल्वेच्या संपात तुटपुंजं का होईना, आपत्कालीन वेळापत्रक निघतं, ते आदल्या संध्याकाळी बघा. शेवटच्या गाडीवर विसंबून कुठेही जाऊ नका. आदल्या दिवशीच पोहोचा किंवा जाऊच नका.

पैशाचंही सांगतो, कारण आपली पोरं इथे हक्क सोडून देतात. गाडी तासभर उशिरा पोहोचली तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास उशिरा पोहोचली तर ५० टक्के परत मागता येतात. संपामुळे प्रवासच सोडला तर पूर्ण पैसे मिळतात. युरोपातून सुटणारं कुठलंही विमान आणि युरोपात येणारं युरोपीय कंपनीचं विमान रद्द झालं, तर जेवण, गरज पडली तर हॉटेल, आणि दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे हे कंपनीने द्यायचंच असतं, कारण काहीही असो. संप त्या विमान कंपनीच्याच माणसांचा असेल आणि ऐनवेळी विमान रद्द केलं असेल, तर वर नुकसानभरपाईही मागता येते, भारताएवढ्या अंतराला ६०० युरोपर्यंत. मुंबईहून भारतीय किंवा आखाती कंपनीने येत असाल तर हा कायदा लागत नाही, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्या.

नोकरीवर किंवा परीक्षेला पोहोचायची जबाबदारी मात्र तुमचीच. संपामुळे आला नाहीत तर त्या तासांचा पगार द्यायला मालक बांधील नाही. आदल्या दिवशी मेल करा, घरून काम मागा. परीक्षा विभागाला आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसलाही आधी कळवा; नंतर दिलेलं कारण तिथे चालत नाही. आणि संप करणाऱ्यांना शिव्या घालू नका. तुम्ही तिथे नोकरीला लागाल तेव्हा तुमचाही पगार अशाच बोलणीतून ठरेल. युनियनने पुकारलेल्या संपात परदेशी कामगारालाही भाग घेता येतो, व्हिसाला त्याने काही होत नाही.

मोर्चा म्हणजे तिथे ‘डेमो’. हायवेवरचा रास्ता रोको बघितलेल्या माणसाला पहिली डेमो बघून आश्चर्य वाटतं: बाबागाडीतली बाळं, म्हातारीकोतारी, बाजूने शांत चालणारे पोलीस. २०२४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी देशभर ट्रॅक्टर आणून रस्ते अडवले, तेही बरंचसं असंच. बहुतेक डेमोंना धोका नसतो. पण सगळ्या तशा नसतात. स्टुटगार्टच्या श्लोसगार्टन बागेत ३० सप्टेंबर २०१० ला नव्या रेल्वे स्टेशनच्या विरोधकांवर पोलिसांनी पाण्याच्या तोफा चालवल्या, शेकडो जखमी झाले. पुढे कोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली, पण जखमी व्हायचे ते झालेच. धोका ओळखायच्या खुणा आहेत. दोन विरोधी डेमो आमनेसामने आणि मध्ये हेल्मेट घातलेले पोलीस. काळे कपडे घालून तोंड झाकलेला गट. लाउडस्पीकरवरून पुन्हा पुन्हा जागा सोडायची सूचना. यातलं काही दिसलं की व्हिडिओ काढत थांबू नका. पळू नका, चालत बाजूच्या गल्लीत शिरा. पोलिसांनी वेढा घातलाच तर हात दिसतील असे उभे राहा, रेसिडेन्स परमिट दाखवा, वाद घालू नका.

तुम्हाला स्वतःला डेमोत जायचं असेल तर जरूर जा, कायद्याने परदेशी माणसालाही ती मोकळीक आहे. फक्त तोंड झाकायचं नाही, आणि घोषणा व फलक वाचून घ्यायचे, कारण काही चिन्हं आणि घोषणा तिथे गुन्हा आहेत. याच ओघात एक सांगून ठेवतो. आपण दारावर स्वस्तिक काढतो. धार्मिक वापर हा गुन्हा नाही, पण तिथल्या माणसाला त्यात नाझी दिसतो आणि पोलीस बोलावले जाऊ शकतात. दिवाळीला ते देवघरात काढा. दाराबाहेर कमळ, पणती काढा.

हिवाळ्यात पोरं बर्फाला घाबरतात, पण भुसभुशीत बर्फ बरा. हाडं मोडतात ती पाऊस पडून रस्त्यावर गोठला की होणाऱ्या काचेसारख्या थराने. तो दिसतच नाही. ‘ग्लाटआइस’ हा शब्द इशाऱ्यात आला की सायकल घरी ठेवा. चालावंच लागलं तर केळीच्या बागेत पाणी सोडल्यावर निसरड्या बांधावरून चालतो तसं, छोटी पावलं, तळवा पूर्ण टेकवून, हात खिशाबाहेर. गोठलेल्या तळ्यावर कुणी चालतंय म्हणून आपण उतरायचं नाही. भाडेकराराचा कागदही वाचा. घरासमोरचा फुटपाथ साफ करायची जबाबदारी भाडेकरूंवर असू शकते. स्टुटगार्टकडे दाराला ‘केरवोखे’ची (सफाईच्या आठवड्याची) पाटी अडकवली की तो आठवडा तुमचा. बर्फ काढला नाही आणि कुणी पडलं, तर भरपाई तुमच्याकडे मागतात. म्हणूनच हाफ्टफ्लिष्ट नावाचा दायित्व विमा पहिल्या महिन्यातच घ्या, वर्षाला फार थोडे पैसे पडतात.

वादळाचं: १८ जानेवारी २००७ ला किरिल वादळात रेल्वेने पहिल्यांदाच देशभर गाड्या थांबवल्या, आणि आता मोठ्या वादळात ते त्या त्या भागात नेहमीच करतात. २८ जून २०२१ ला स्टुटगार्टमध्ये ऑपेराच्या छपराचा पत्रा उडून रस्त्यावर आला. वादळ थांबल्यावरही काही दिवस झाडीत, बागेत जाऊ नका. अर्धवट तुटलेल्या फांद्या नंतर पडतात.

उन्हाळ्याला कमी लेखू नका. ‘आम्ही जळगावचे, पंचेचाळीस बघितलेले’ असं सगळेच म्हणतात. जळगावच्या घरात पंखा असतो, कूलर असतो. तिथल्या छपराखालच्या खोलीत दोन्ही नसतात, आणि २५ जुलै २०१९ ला पश्चिम जर्मनीत ४१.२ अंश नोंदले गेले होते. दिवसा शटर खाली, रात्री खिडक्या सताड उघड्या. आपली आजी घर गार ठेवायची तसंच करा.

घरात काही दिवस पुरेल एवढं पाणी (माणशी रोज दोन लिटर), औषधं, टॉर्च, पॉवर बँक आणि थोडी रोकड ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. शेगडी विजेची असते, वीज गेली की स्वयंपाक बंद, म्हणून शेव, मुरमुरे, शेंगदाणे, बिबडे यांचा डबा भरलेला असू द्या. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी खोलीत कधीही पेटवू नका. बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

फोन नंबर तीन: आग आणि ॲम्ब्युलन्सला ११२, पोलिसांना ११०, जिवावरचं नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७. ११२ ला आधी पत्ता आणि मजला सांगा, मग काय झालं ते. त्यांनी सांगेपर्यंत फोन ठेवू नका. इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं.

शेवटचं, घरच्यांचं. टीव्हीवर ‘जर्मनीत हाहाकार’ लागलं की आई रात्री दोनला फोन करते, ‘काय व्हयनं रे?’ निघायच्या आधीच घरी ठरवून ठेवा की अशी बातमी आली तर तुम्ही स्वतः एक मेसेज टाकाल, तोवर फोन करत राहायचं नाही, कारण बॅटरी वाचवायची असते. तुमचा पूर्ण पत्ता, एका मित्राचा आणि घरमालकाचा नंबर वडिलांच्या वहीत लिहून द्या. भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा. बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरियाचं काम म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे, बाकी राज्यांचं बर्लिन, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गकडे. तुमचा दोन दिवस काहीच पत्ता लागला नाही, तर कुणाला फोन करायचा हे अमळनेरला किंवा धुळ्याला बसलेल्या माणसाला त्या वहीतूनच कळणार आहे, म्हणून घर बदललं की लगेच नवा पत्ता कळवा.