घराण्याची माहिती जमवलीय, आता भावकीला कशी द्यायची?

कागद जमतात हो, जमिनीच्या नोंदीचे फेरफार, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, पण ते पिशवीत आणि बाकी सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असलं तर पोरांना काय कळणार. आधी खिडकीपाशी उजेडात प्रत्येक कागदाचा फोटो काढा, मागच्या बाजूचा पण. फाईलला नाव देताना साल पहिलं, मग गाव, मग माणूस. पण 'आजोबा' असं लिहू नका, तुमचे आजोबा दुसऱ्या कुणाचे चुलते असतात. वडलांच्या नावासकट पूर्ण नाव टाका, कारण नातवाला आज्याचंच नाव ठेवलेलं असतं आणि दोघांचे कागद एकमेकांत मिसळतात.

जिल्ह्याचं जरा जपून. सांगली जिल्हा १९४९ ला 'दक्षिण सातारा' म्हणून झाला, सांगली हे नाव १९६० ला आलं, त्यामुळं तासगाव-वाळव्याच्या जुन्या कागदावर सातारा दिसला तर ती चूक समजून खोडू नका. कागदावर आहे तसंच लिहायचं, शेजारी आजचा जिल्हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेकी-सुना. आपल्या वंशावळीत नुसते पुरुष असतात आणि अर्धं घराणं गायब! १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदीत लेकींची नावं सापडू शकतात, ती बघा. आणि आत्याला फोन करा, माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं विचारा, आणि 'आत्यानं सांगितलं' असं तारखेसकट लिहून ठेवा, म्हणजे कागदावरचं कुठलं आणि तोंडी कुठलं ते कळतं. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारे लोक, गावात आले तर त्यांच्या वहीतलं पण विचारून रेकॉर्ड करून घ्या.

व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. मूळ फोल्डर ड्राइव्हवर, बघायला सगळ्यांना, बदलायला दोघातिघांनाच. सातबारा आणि गट नंबर मात्र ग्रुपवर टाकू नका, लगेच वाटणीचा विषय निघतो आणि वंशावळ राहते बाजूला, आपल्याला त्यातली फक्त नावं हवीत. हयात माणसांच्या जन्मतारखा पण नकोत.

म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर वंशावळीचं झाड दिसत नाही. झेरॉक्सवाल्याकडनं मोठी प्रिंट काढा, जत्रेला सगळे गावी येतात तेव्हा सोप्यात लावा आणि खाली पेन्सिल बांधा. मोकळी जागा कुणी भरत नाही पण चुकीचं नाव दिसलं की चुलत्या लगेच उठून दुरुस्त करतात, म्हणून खात्री नसलेलं नाव पण प्रश्नचिन्ह टाकून लिहाच. जत्रा झाली की पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं फायलीत चढवा, नव्या फायलीला तारीख घाला आणि जुनी तशीच ठेवा, पुढं दोघांचं म्हणणं जुळलं नाही की तीच उघडून बघावी लागते.