लॅपटॉपची स्क्रीन वारंवार काळी पडत असेल तर दोष कसा शोधावा

काम करता करता लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी पडू लागली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: विंडोज नव्याने टाकतात किंवा स्क्रीन बदलून घेतात. दोन्ही उपाय मोठे आहेत आणि दोष कुठे आहे हे ठरण्याआधी केले तर अनेकदा वाया जातात, कारण काळी स्क्रीन हे पाच-सहा निरनिराळ्या बिघाडांचे सारखेच दिसणारे लक्षण आहे. चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप, तिला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम, ते चित्र मदरबोर्डपासून झाकणापर्यंत नेणारी बारीक केबल, स्क्रीनचे पॅनल, त्याला मागून उजळणारा बॅकलाइट आणि झाकण उघडे आहे की मिटलेले हे सांगणारा सेन्सर, यांपैकी एकाने जरी दगा दिला तरी आपल्याला समोर दिसतो तो काळा चौकोनच. म्हणून स्क्रीन काळी होते त्या क्षणी बाकीचा लॅपटॉप काय करत असतो, हे आधी नीट पाहावे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी, स्क्रीन चालू आहे तोवर, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. स्क्रीनच्या दोषामुळे सहसा माहिती जात नाही, पण स्क्रीन कायमची गेली तर ती माहिती बाहेर काढणे त्रासाचे होते. दुसरे म्हणजे एक कागद जवळ ठेवावा आणि दर वेळी चार गोष्टी टिपाव्यात: चार्जर लावलेला होता का, झाकण किती उघडे होते, कोणते काम चालू होते आणि चित्र परत कसे आले. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांतून बहुधा काहीतरी सूत्र दिसू लागते. या कंटाळवाण्या कागदावर माझा कोणत्याही तपासणी सॉफ्टवेअरपेक्षा जास्त विश्वास आहे.

काळ्या स्क्रीनमागे लॅपटॉप जिवंत आहे का

स्क्रीन काळी झाली की लगेच पॉवरचे बटण दाबू नये. आधी कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. चालू असलेले गाणे ऐकू येत राहिले आणि दिवाही प्रतिसाद देत असला, तर संगणक व्यवस्थित चालू आहे आणि फक्त चित्र पोहोचत नाही. दिवा ढिम्म राहिला तर संपूर्ण यंत्रणा गोठली असण्याची शक्यता मोठी. पॉवरचा दिवा मंद लुकलुकत असेल तर लॅपटॉप झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये गेला आहे. आणि पंखा थांबून सगळे दिवे विझले असतील तर तो पूर्ण बंद पडला आहे आणि मग दोष स्क्रीनचा नव्हेच. अशा वेळी चार्जर, बॅटरी आणि उष्णता यांकडे वळावे. प्रोसेसर साधारणपणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर स्वतःला वाचवण्यासाठी लॅपटॉप बंद होतो. धुळीने कोंडलेली जाळी किंवा गादीवर ठेवल्यामुळे अडलेली हवा हे त्याचे नेहमीचे कारण.

काळ्या स्क्रीनवर मजकूर आणि एखादे सांकेतिक नाव दिसत असेल, तर तो विंडोज कोसळल्याचा संदेश आहे. विंडोज ११मध्ये हा संदेश पूर्वी निळ्या पार्श्वभूमीवर येत असे, २०२५पासून तो काळ्यावर येऊ लागला आहे. त्यामुळे जुन्या सवयीने निळा रंग शोधणाऱ्यांची फसगत होऊ शकते. त्यातले सांकेतिक नाव टिपून घ्यावे. आणि काळ्या स्क्रीनवर फक्त माउसचा बाण हलत असेल तर केबल, पॅनल, बॅकलाइट सारे ठीक आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून विंडोज एक्स्प्लोरर पुन्हा सुरू करावा.

विजेरी आणि दुसरा मॉनिटर

लॅपटॉप जिवंत आहे एवढे कळले की खोलीतला उजेड कमी करून मोबाइलची विजेरी स्क्रीनवर तिरपी धरावी आणि अगदी जवळून पाहावे. प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि अक्षरे पुसटशी दिसत असतील तर चित्र पॅनलपर्यंत पोहोचते आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. काहीच दिसत नसेल तर चित्रच पोहोचत नसावे. ओलेड स्क्रीनला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही, कारण तिथे वेगळा बॅकलाइट नसतो आणि प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. उजेड गेल्याचे दिसले तर ब्राइटनेस वाढवण्याची कळ एकदा दाबून पाहावी, कारण काही लॅपटॉपवर एखाद्या फंक्शन कळीने बॅकलाइट पूर्ण बंद करता येतो आणि ती नकळत दाबली जाते.

यानंतर एचडीएमआय किंवा टाइप-सी केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडावा आणि विंडोजची कळ व पी दाबून दोन्हीकडे तेच चित्र दिसेल असा पर्याय निवडावा. आतली स्क्रीन काळी होत असताना बाहेरचे चित्र अखंड राहिले, तर संशय पॅनल, केबल आणि बॅकलाइट एवढ्यांवर येऊन थांबतो. दोन्हीकडचे चित्र एकदम गेले तर ग्राफिक्स, ड्रायव्हर किंवा मदरबोर्ड पाहावा लागतो. इथे एक खाचखळगा आहे: दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये बाहेरचे पोर्ट थेट दुसऱ्या, स्वतंत्र चिपला जोडलेले असते, त्यामुळे बाहेरचे चित्र नीट आले म्हणून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही.

विंडोजला बाजूला काढून पाहण्याचा मार्गही सोपा आहे. लॅपटॉप सुरू होतानाच बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यात, शिरावे आणि नेहमी जितक्या वेळात स्क्रीन जाते तितका वेळ तिथेच थांबावे. बायॉसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर नसतो, झोपेच्या सेटिंग नसतात. तरीही स्क्रीन काळी पडली तर विंडोज पुन्हा टाकण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा. उलट, बायॉसमध्ये अर्धा तास काही झाले नाही आणि विंडोजमध्ये दहा मिनिटांत स्क्रीन गेली, तर ड्रायव्हर आणि सेटिंग यांकडे लक्ष द्यावे.

बिजागरीतून जाणारी केबल

झाकण थोडे मागेपुढे केले की चित्र जाते-येते, ठरावीक कोनातच टिकते किंवा जाण्याआधी थरथरते, अशी नोंद कागदावर असेल तर केबलवर बोट ठेवायला हरकत नाही. ही केबल बिजागरीच्या आतून किंवा शेजारून जाते आणि झाकण उघडताना-मिटताना दर वेळी थोडी वाकते. काही वर्षांनी तिच्यातली एखादी केसासारखी तार तुटते किंवा कनेक्टर जागेवरून किंचित सरकतो. हा दोष केवळ वापरानेच येतो असेही नाही; रचनेतही चूक असू शकते. २०१६ सालच्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या काही नगांत स्क्रीनच्या तळाशी उजेडाचे उभे पट्टे दिसत किंवा बॅकलाइट अधूनमधून वा कायमचा बंद पडे, आणि अ‍ॅपलने २०१९मध्ये त्यांच्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली होती.

तपासताना झाकण एका हाताने मधोमध धरून, हळूहळू, पूर्ण पल्ल्यातून न्यावे. कोपऱ्याला धरून पिळू नये, पॅनलवर दाबूनही पाहू नये. लॅपटॉप स्वतः खोलण्याचा अनुभव असेल तर केबलचा कनेक्टर काढून पुन्हा नीट बसवणे हा पहिला उपाय, आणि अनेकदा तेवढेच पुरते. मात्र त्याआधी चार्जर काढून आतली बॅटरीही मदरबोर्डपासून सोडवलीच पाहिजे. बॅटरी जोडलेली असताना ही केबल काढली-घातली आणि कनेक्टर जरासा तिरपा बसला, तर बॅकलाइटला वीज देणारा मदरबोर्डवरचा अतिशय लहान फ्यूज उडू शकतो आणि मग नवे पॅनल लावूनही उजेड येत नाही. वीस मिनिटांची दुरुस्ती त्यामुळे मदरबोर्डची दुरुस्ती होऊन बसते. हा अनुभव नसेल तर लॅपटॉप खोलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आला असेल किंवा तळ सपाट बसत नसेल, तर सारी तपासणी थांबवून लॅपटॉप बंद करावा, चार्जर लावू नये आणि आधी बॅटरीची व्यवस्था करावी.

चुंबकाने फसलेला सेन्सर

सर्वांत कमी लोकांना सुचणारे कारण हे आहे. झाकणात एक छोटे चुंबक असते आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा सेन्सर. झाकण मिटले की चुंबक जवळ येते आणि लॅपटॉप झोपी जातो. या सेन्सरला झाकणातले चुंबक आणि बाहेरचे चुंबक यांतला फरक कळत नाही. मोबाइलचे चुंबकी कव्हर, घड्याळाचा चुंबकी पट्टा किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप ठरावीक जागी आला की झाकण उघडे असूनही स्क्रीन काळी होते. माझा लॅपटॉप कित्येक दिवस असाच अधूनमधून काळा पडत असे आणि मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो. टिपणांमधून लक्षात आले की हे फक्त मोबाइल कीबोर्डच्या डाव्या कडेला ठेवलेला असतानाच घडते.

याची खात्री करायला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या प्रोग्रॅममधली सिस्टिमची नोंदवही उघडून स्क्रीन काळी झाली त्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात. कर्नल-पॉवर या नावाखाली ४२ किंवा ५०६ क्रमांकाची नोंद असेल तर लॅपटॉप झोपेत गेला होता, आणि बहुधा तिच्यात झोपेचे कारणही दिलेले असते. झाकण उघडे असताना तिथे झाकणाचे कारण दिसले तर सेन्सर फसतो आहे. तात्पुरते पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काहीही करू नये असा पर्याय ठेवून पाहावा, पण काही लॅपटॉपमध्ये सेन्सरचा इशारा मिळताच स्क्रीन परस्पर बंद होते, हे लक्षात असू द्यावे. त्याच नोंदवहीत कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद सापडली तर लॅपटॉप रीतसर बंद न होता अचानक बंद पडला होता.

ड्रायव्हर आणि सेटिंग

स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन आपोआप परत येत असेल तर ड्रायव्हरचा संशय धरावा. ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज तिचा ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करते आणि नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद करते. हेच काम हाताने करायचे तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबाव्यात. त्याने चित्र परत आले तर पॅनल बदलण्याची गरज नाही, हे जवळजवळ निश्चित. बिघाड अलीकडच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा, अन्यथा लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. एका वेळी एकच बदल करून दिवसभर वाट पाहावी. तीन बदल एकदम केले तर नेमका कोणता लागू पडला हे कधीच कळत नाही.

फक्त बॅटरीवर असताना, आणि तेही चित्र स्थिर असताना स्क्रीन जात असेल, तर इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करून पाहावे. वीज वाचवण्यासाठी स्थिर चित्र पॅनलच्याच स्मृतीतून दाखवण्याची ही सोय काही पॅनलांशी नीट जमत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या भागात तिचा खटका असतो. चार्जर लावताना किंवा काढताना एकदाच क्षणभर स्क्रीन काळी होणे मात्र अनेक लॅपटॉपमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढायचे तो वेग, बदलल्यामुळे होते आणि तो दोष नव्हे. स्क्रीन बंद होण्याचा ठरवलेला अवधी आणि समोर माणूस नसल्यास स्क्रीन मालवणारी नव्या लॅपटॉपमधली सोय याही पाहून घ्याव्यात.

सुरुवातीपासूनच काळी राहणारी स्क्रीन थोडी वेगळी गोष्ट आहे. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे आणि मग फक्त चार्जरवर सुरू करून पाहावे. बीप ऐकू आले किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकला तर ते मोजून मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. रॅम नीट न बसणे हे त्यामागचे एक नेहमीचे कारण आहे.

एवढे करूनही दुरुस्तीसाठी जावे लागले तर ‘स्क्रीन जाते’ एवढेच सांगू नये. विजेरीत चित्र दिसते की नाही, बाहेरचा मॉनिटर टिकतो का, बायॉसमध्ये काय झाले आणि कोणत्या कोनात चित्र परत येते, हे त्या कागदावरून वाचून दाखवावे, आणि नवे पॅनल मागवण्याआधी दुसऱ्या केबलने किंवा चाचणीच्या पॅनलने तपासून पाहायला सांगावे. पॅनल बदलायचेच ठरले तर जुन्या पॅनलच्या मागचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि कनेक्टर ३० पिनांचा आहे की ४० पिनांचा, हे जुळते का ते स्वतः पाहून घ्यावे.