एक जपते, दुसरा फाडतो: दोन कुत्र्यांच्या घरात खेळणी कशी सांभाळावीत

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. बुंदी देशी, आठ वर्षांची. सदू लॅब्राडोर, तीन वर्षांचा. बुंदीचा एक राखाडी कापडी हत्ती होता. पाच वर्षं तिने तो तोंडात धरून घरभर फिरवला, पण त्याचा एक टाका उसवला नाही. सदू घरात आला आणि चौथ्या दिवशी आम्ही भाजी घेऊन परतलो तेव्हा हॉलभर कापूस, मधोमध खुशीत शेपूट हलवणारा सदू आणि दारापाशी बसलेली बुंदी, असं दृश्य होतं. सोंड घरात कुठेच सापडली नाही. ती दोन दिवसांनी सकाळच्या फेरीत सदूच्या शीतून बाहेर पडली, ते आमचं नशीब.

मग घरोघरी होतं तेच झालं. आम्ही ‘कधीच न तुटणारं’ असं लिहिलेलं खेळणं आणलं. किंमत नऊशे रुपये, आयुष्य एक कप चहा. त्यानंतर आणखी महाग आणलं. दुकान बदलून उपयोग नाही, घरातली व्यवस्था बदलावी लागते, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

ओरडू नका, हिसकावू नका. समोर बसून बघा. कुत्र्याच्या शिकारीचा एक ठरलेला क्रम असतो: शोधणं, पाठलाग, पकडणं, झटकून मारणं, मग फाडून खाणं. कोणाला पाठलागात मजा येते, कोणाला शेवटच्या टप्प्यात. सदू त्या शेवटच्या टप्प्याचा भक्त आहे. आत चूंचूं करणारी शिट्टी असली की त्याच्या दृष्टीने ते जिवंत सावज, आणि आवाज बंद पडेपर्यंत काम अपुरं. यात खोडसाळपणा नाही आणि तुमच्यावरचा रागही नाही.

बघायचं ते मुख्यतः एवढंच: तो फाडून टाकतो, की फाडून गिळतो? पुढचं सगळं या एका उत्तरावर आहे. नुसत्या चिंध्या करणाऱ्याला बरीच मोकळीक देता येते. गिळणाऱ्याला कापडी खेळण्याबरोबर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. उत्तर नक्की कळण्यासाठी नवं खेळणं आणलं की त्याचा फोटो काढून ठेवा आणि फाटल्यावर तुकडे जमिनीवर जुळवून बघा. हास्यास्पद वाटतं खरं, पण डोळ्याचं बटण कमी आहे हे असंच कळतं.

पिल्लू तीन-चार ते सहा-सात महिन्यांचं असेल तर गोष्ट वेगळी. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येत असतात, हिरड्या शिवशिवतात. ओला करून गोठवलेला रुमाल तुमच्या हातात धरून चघळायला द्या आणि धीर धरा.

दुसरी पायरी: सगळी खेळणी जमिनीवर ओता

सोफ्याखालची, बाल्कनीतली, सगळी. आता तीन ढीग करा: कायमची बाद, तुम्ही समोर असतानाच द्यायची, आणि एकटं असतानाही चालतील अशी. तिसरा ढीग अगदी लहान निघेल. निघू दे.

बाद काय करायचं? धागे सुटलेली दोरी सगळ्यात आधी. लांब धागा आतड्यात अडकला की आतडं त्याच्यावर नाडीसारखं गोळा होतं आणि कापलं जाऊ शकतं. मागून धागा लोंबताना दिसला तरी स्वतः ओढायचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. मग बटणाच्या बॅटरीवर चालणारी खेळणी, चिकटवलेल्या डोळ्यांची खेळणी, आणि तोंडात मागच्या दाढांपर्यंत पूर्ण जाईल एवढा कुठलाही चेंडू. टेनिसचा चेंडू फेकून आणायला ठीक आहे, तासन् तास चघळायला नाही. त्याच्या लोकरीत धूळ-वाळू बसते आणि तो दातांवर पॉलिश पेपरसारखा फिरतो.

उलट टोकाला अति कडक वस्तू आहेत: शिंगं, खूर, दगडासारखं नायलॉन. अंगठ्याचं नख दाबून बघा. जराही खूण उमटली नाही तर ती वस्तू दातापेक्षा वरचढ ठरण्याची शक्यता आहे. अशा वस्तूंवर वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि मग भूल देऊन दाढ काढणं आलं. दुकानात टांगलेली चामड्याची गाठवलेली हाडं आम्ही पूर्ण बंद केली. चघळून मऊ झालेला तुकडा सदू अख्खा गिळायचा.

आणि आपल्याकडची फुकटची खेळणी! आंब्याची कोय, मक्याचं कणीस, नारळाची शेंडी. उन्हाळ्यात रस काढून झाला की कोय कुत्र्याकडे टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. कोय पोटात विरघळत नाही, निसरडी असल्याने सहज गिळली जाते आणि आतड्यात बुचासारखी बसते. कणसाचंही तेच. शेंडीचे तंतू गुंता करतात. आमरसाच्या दिवशी आमच्याकडे कचऱ्याचा डबा बाथरूममध्ये असतो, कडी लावून.

दुकानातल्या वेष्टनावर फार विसंबू नका. मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय खूण सक्तीची आहे, पण तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत. ‘चिवट’ हा शब्द ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर छापलेला असतो.

तरीही काही गिळलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. त्याने मिठाची विषबाधा होऊ शकते. गिळताना पाहिलं असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा, कारण वस्तू पोटात आहे तोवरच त्यांच्या हातात सोपे उपाय असतात. पुन्हा पुन्हा उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका. जाताना खेळण्याचे उरलेले तुकडे सोबत न्या. कापड एक्स-रेत नीट दिसत नाही, तुकडे बघून डॉक्टरांना अंदाज येतो.

तिसरी पायरी: एकटं असताना काय द्यायचं

आतून पोकळ, जाड रबराचं, खाणं भरता येणारं खेळणं. यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव काँग. १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. त्याने मार्कहॅमच्या फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग पळवला आणि दगड सोडून तोच चावत बसला. त्या भागाचा आकार म्हणजे आजचं काँग. म्हणजे ही कल्पनासुद्धा फाडणाऱ्या कुत्र्याचीच. लाल रंगाचं साधारण चावणाऱ्यांसाठी, काळं जबरदस्त जबड्यांसाठी. आकार कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठाच घ्या.

आमचं भरण: मीठ न घातलेला दहीभात, उकडलेला लाल भोपळा, मध्ये चार दाणे रोजच्या खाण्याचे. चार-पाच तास फ्रीजरमध्ये. सदूला पाऊण तास पुरतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आत जाऊ द्यायचं नाही. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना हे वाचा, ते कुत्र्यांना विषारी आहे. आणि जेवढं भरलं तेवढं जेवणातून वजा करा, लॅब्राडोर असेल तर हमखास.

रबरालाही मरण आहेच. चिरा पडल्या किंवा लचका निघाला की बदला.

चौथी पायरी: फाडायची हक्काची जागा

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. सदूला फाडायला बंदी नाही, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं परवानगी आहे. बाल्कनीत जुनी चादर अंथरायची. कुरिअरचा खोका घ्यायचा, चिकटपट्टी आणि पिना काढून टाकायच्या. आत अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, त्याच्या खळग्यांत खाण्याचे दाणे, वर चुरगाळलेला कागद. खोका बंद करून ‘घे!’ म्हणायचं. दहा मिनिटांत भुगा. चादर झटकली की झालं. खर्च शून्य, आणि सोसायटीत आमच्याकडे आता शेजारीही खोके आणून देतात.

पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ देऊ नका. त्याच्यासाठी टॉवेलच्या वळकटीत दाणे गुंडाळा, तुम्ही समोर बसा आणि संपताच टॉवेल उचला. बाहेर फिरताना सावकाश वास घेऊ देणंही याच कामाचं आहे. ज्या दिवशी आम्ही घाईने पट्टा ओढत सदूला फिरवून आणतो, त्या दिवशी चपला धोक्यात असतात.

पाचवी पायरी: जपणारीचा वाटा

फाडणाऱ्याच्या गडबडीत सगळ्यांचं हिच्याकडे दुर्लक्ष होतं. घरातली सगळी मऊ खेळणी काढून टाकली की प्रश्न सुटला असं वाटतं, पण शिक्षा होते ती बुंदीला.

आमचा नियम असा: बुंदीची खेळणी कपाटात. रात्री जेवणं झाली की ती बेडरूममध्ये जाते, दार लावायचं, हत्ती बाहेर. त्याच वेळी सदूला हॉलमध्ये गोठवलेलं काँग. दार नसेल तिथे लहान मुलांसाठी मिळणारं जाळीचं फाटक चालतं. अर्ध्या तासाने दोन्हीकडची खेळणी उचलायची, मगच दार उघडायचं. चघळायच्या, खायच्या वस्तू दोघांना एकाच खोलीत द्यायच्या नाहीत, कितीही गोडीगुलाबी असली तरी.

भांडण गुरगुरण्यापासून सुरू होतं असं आपण समजतो, ते आधीच सुरू झालेलं असतं. कुत्रं वस्तूवर मान झुकवून दगडासारखं स्तब्ध होतं, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसतो, एकाएकी भराभर चावायला लागतं. हे दिसलं की दोघांच्या मध्ये हात घालू नका. लांबून दुसऱ्याला हाक मारून बाजूला न्या. गुरगुरल्याबद्दल रागावूही नका. पुढच्या वेळी ते न गुरगुरता थेट चावेल.

सहावी पायरी: ‘दे’ शिकवा

पळत जाऊन तोंडातून ओढलंत तर गिळणं वाढतं. कुत्र्याला एवढंच कळतं की लवकर संपवलं नाही तर जाईल. त्याऐवजी अदलाबदल. त्याच्या तोंडात साधी वस्तू असताना नाकापाशी चिकनचा तुकडा न्या. वस्तू सुटली की ‘दे’ म्हणा, तुकडा द्या आणि वस्तू परत त्यालाच द्या. हे परत देणं महत्त्वाचं. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन आठवडे. मग आधी शब्द, नंतर तुकडा. मोजा चोरला तेव्हाच पहिल्यांदा ‘दे’ म्हणायला गेलात तर जमणार नाही.

सातवी पायरी: फिरती पाळी आणि सुईदोरा

एका वेळी तीन-चारच खेळणी बाहेर, बाकी झाकणाच्या डब्यात, दर आठवड्याला बदल. महिनाभर न दिसलेलं खेळणं नव्यासारखं वाटतं. बदलताना प्रत्येकाची शिवण ओढून बघा, तेवढीच तपासणी.

हत्तीचं म्हणाल तर आईने तो शिवला. सोंडेच्या जागी जाड टाका, आत कापसाऐवजी जुन्या सुती साडीच्या घट्ट गुंडाळ्या, आणि शिट्टी काढूनच टाकली. मुका हत्ती सदूला फारसा खुणावत नाही. तरी तो कपाटातच असतो.

राहता राहिला घरातल्या बाकी माणसांचा प्रश्न. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सदूची फार दया यायची. ‘बिचाऱ्याला काहीच देत नाहीत’ म्हणून त्या कपाट उघडून द्यायच्या. दोन खेळणी अशी गेली. आता कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय: ‘वरचा कप्पा बुंदीचा. सदूचे खोके बाल्कनीत.’ मावशी हल्ली जाताना स्वतःच एक खोका त्याच्यासाठी भरून ठेवतात.